चुनखडीतलं पाणी आणि आपल्या बसाल्टमधलं पाणी, अभ्यासाची पद्धत एवढी वेगळी का?

काळापाषाण

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एमएस्सी जिऑलॉजी केलंय, डेझर्टेशन पुरंदर तालुक्यातल्या विहिरींवर होतं, म्हणजे विहिरींची नोंद, पाणीपातळीचे नकाशे आणि थोड्या पंपिंग टेस्ट (मोटरने उपसा करून पातळी कशी बदलते ते मोजणं), सगळं बसाल्टमध्येच. आता जर्मनीत हायड्रोजिऑलॉजीच्या मास्टर्सला ॲडमिशन मिळालीये आणि तिथे पहिल्याच सेमिस्टरला कार्स्टचा, म्हणजे पाण्याने विरघळून पोकळ झालेल्या चुनखडीचा, मोठा पेपर आहे, फील्डवर्कसकट. सिलॅबस उघडून बघितला तर डार्सीचा नियम (खडकातून पाणी किती वेगाने झिरपतं त्याचा) एका लेक्चरमध्ये उरकलाय आणि बाकी सगळं ट्रेसर टेस्ट, झऱ्यांचे हायड्रोग्राफ म्हणजे प्रवाहाचे आलेख, गुहांचे नकाशे, आयसोटोप असलं काहीतरी. आम्ही दोन वर्षं डार्सी, थाइस, जेकब यांची सूत्रंच घोटत बसलो होतो ना, मग ते तिथे चालतच नाही का? आणि पाण्यात रंग टाकून तो कुठे निघतो बघत बसायचं हे खरंच सिरियस शास्त्र आहे की नुसता डेमो असतो?

दुसरी गोष्ट, मला दोनतीन वर्षांनी परत येऊन इथेच काम करायचंय. घरी बाबा विचारतात की आपल्याकडे चुनखडी आहेच कुठे, मग त्यावर एवढा खर्च कशाला, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे नीट उत्तर नाहीये. कोणी या लाइनमधलं असेल तर प्लीज सांगा.

श्वार्झवाल्डकर

अभिनंदन रे! मी मूळचा सिव्हिलवाला, पण इकडे दक्षिण जर्मनीत पाणीपुरवठ्याच्या कामात आहे त्यामुळे कार्स्टशी रोजची गाठ.

डार्सी चालत नाही असं नाही, पण त्याने तो नियम काढला कसा ते आठव. १८५६ साली, दिजों शहराच्या पाण्याचं काम करताना, वाळू भरलेल्या उभ्या नळकांड्यातून पाणी सोडून. वाळूच्या कणांमधून पाणी सावकाश झिरपतं, उतार दुप्पट केला की वेग दुप्पट, सरळ हिशेब. चुनखडीत वेगळंच घडतं. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि भेगांच्या कडा विरघळवत खाली जातं, ज्या भेगेतून जरा जास्त पाणी जातं ती जास्त रुंदावते, रुंदावली की अजून पाणी तिच्याकडे वळतं, आणि हे हजारो वर्षं चाललं की शेकडो भेगांपैकी मोजक्या भेगांच्या नळ्या होतात, काही तर माणूस उभा चालेल एवढ्या, आणि बाकीच्या केसाएवढ्याच राहतात. त्या नळ्यांत पाणी घुसळत जातं, तिथे पाइपलाइनचं हायड्रॉलिक्स लागतं, डार्सी नाही. मात्र आजूबाजूच्या खडकाच्या बारीक छिद्रांत अजूनही डार्सीच. गंमत अशी की साठा बहुतेक सगळा त्या बारीक छिद्रांत असतो आणि वाहतूक जवळजवळ सगळी नळ्यांतून होते, म्हणजे पेठेतल्या गल्ल्याबोळांत माणसं राहतात पण गाड्या सगळ्या हायवेवर. तू बोअर मारलंस आणि ते गल्लीत पडलं तर टेस्टमध्ये तुला हायवेचा पत्ताच लागणार नाही.

आता हिशेब करून बघ. समज खडकाची वाहकता दिवसाला १ मीटर, उतार शंभराला एक, उपयोगी सच्छिद्रता, म्हणजे पाणी ज्यातून वाहतं तो पोकळ भाग, २ टक्के. डार्सीने पाण्याचा खरा वेग येतो दिवसाला अर्धा मीटर. या वेगाने १२ किमी जायला २४,००० दिवस, म्हणजे साधारण ६५ वर्षं. आणि आमच्याकडे इमेंडिंगेन गावाजवळ डॅन्यूब नदी पात्रातल्या पात्रात जमिनीत शिरते, उन्हाळ्यात तर पुढचं पात्र ठणठणीत कोरडं, लोक गोट्यांवरून फिरतात, आणि ते पाणी जवळपास १२ किमी दक्षिणेला आखच्या झऱ्यातून वर येतं. किती वेळात? अडीच दिवसांत.

हे कळलं कसं तर तुझ्या त्या डेमोमधून. १८७७ च्या ऑक्टोबरात कार्ल्सरूहचे प्राध्यापक आडोल्फ क्नॉप यांनी नदीच्या त्या भोकांत टनावारी मीठ, १० किलो फ्लुरेसिन आणि वर शेल ऑइल ओतलं. फ्लुरेसिनचा शोध लागून तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती. साधारण ६० तासांनी आखचा झरा हिरवागार चमकायला लागला, पाणी खारट, वर डांबरट चव. डॅन्यूब जाते काळ्या समुद्राला आणि आखचं पाणी कॉन्स्टन्स तलावातून ऱ्हाइनला मिळून उत्तर समुद्राला, म्हणजे टोपोशीटवर तू जी पाणलोटाची रेघ मारशील ती जमिनीखाली खोटी. आणि ही टेस्ट हौस म्हणून केली नव्हती, डॅन्यूबवरच्या कारखानदारांना ती भोकं बुजवायची होती आणि आखवरच्या गिरण्यावाल्यांना ती उघडी हवी होती. भांडण इतकं वाढलं की शेवटी १९२७ ला वुर्टेंबर्ग आणि बाडेन ही राज्यं कोर्टात समोरासमोर उभी राहिली. (नगर आणि मराठवाडावाल्यांनी हसू नये.)

नारळफिरवा

एवढं सगळं शिकून शेवटी गावात पाणाड्यालाच बोलावतात 😄 आमच्याकडे नारळ उभा राहिला की बोअर, विषय संपला.

जुनी_विहीर

नारळवाले, तुमच्या पाणाड्याचे फेल गेलेले बोअर कोणी मोजत नाही म्हणून तो चालतो. असो.

बेटा काळापाषाण, माझं आयुष्य भूजलाच्या कामात गेलं, आता रिटायर आहे. श्वार्झवाल्डकरांनी सांगितलं ते बरोबरच आहे पण तू इथल्या खडकाला साधा समजू नकोस. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग लाव्ह्याचा आहे आणि लाव्ह्यातही वाळूसारखं एकजिनसी काही नाही. वर मुरूम, मग मांजऱ्या (भोकाभोकांचा बसाल्ट), मग काळा पाषाण, मध्येच तांबडा बोल (दोन लाव्ह्यांमधला तांबड्या मातीचा थर), परत खाली तोच क्रम. पाणी कुठे, तर मुरमात, मांजऱ्याच्या फुटलेल्या भागात आणि पाषाणाच्या आडव्या भेगांत. तांबड्या बोलावर बहुधा अडतं आणि डोंगराच्या बाजूने झरा होऊन निघतं. शेतकऱ्याला हे पुस्तक न वाचता कळलेलं असतं, म्हणून तर तो विहिरीच्या तळाशी आडवे बोअर मारतो, आडवी भेग गाठायला. धुळे-नंदुरबारकडे गेलास तर वर डाइक, म्हणजे खडकात उभी घुसलेली लाव्ह्याची भिंत, एका बाजूला विहीर तुडुंब आणि दुसऱ्या बाजूला खडखडाट. मग इथे तरी डार्सी सरळ कुठे चालतो? आपण तो चालवून घेतो.

साठ्याचे आकडे बघ. भूजलाचं मूल्यमापन करताना देशभर जे निकष वापरत आलो त्यात मुरमाड किंवा भेगाळ बसाल्टला विशिष्ट उत्पन्न (खडक उपशाला किती पाणी सोडतो ते) २ टक्के धरतात, साध्या चुनखडीलाही २ टक्केच, पण कार्स्ट झालेल्या चुनखडीला ८ टक्के, आणि नदीकाठच्या वाळूला १६. म्हणजे चुनखडी हे नाव ऐकून काही ठरत नाही, ती विरघळलीय का नाही हे बघावं लागतं. हेच बसाल्टला लागू, नाव एक आणि दोन शेजारच्या गावांत वागणूक दोन तऱ्हेची.

आणि तुझ्या पंपिंग टेस्ट मोठ्या विहिरींवर होत्या की बोअरवर? विहिरीवर असतील तर थाइस लावला असशील तर ते परत बघ. थाइसची १९३५ ची पद्धत नळी एवढी बारीक धरते की तिच्यातला साठा शून्य. आपली विहीर ८ मीटर व्यासाची, एक मीटर पाणी उतरलं म्हणजे विहिरीतलंच पन्नास हजार लिटर गेलं, मोटर सेकंदाला १० लिटर ओढत असेल तर जवळपास दीड तास तू खडकाची नाही, विहिरीची टेस्ट करतोयस. त्यासाठी पापाडोपुलोस आणि कूपर यांची १९६७ ची पद्धत आहे, आणि मोटर बंद केल्यावर विहीर किती वेळात भरते ते मोजणं तर त्याहून महत्त्वाचं. आमची पोरं मोटर बंद झाली की डबा उघडून बसायची, खरी माहिती तेव्हाच सुरू व्हायची.

काळापाषाण

सर, विहिरीच होत्या, आणि आम्ही पापाडोपुलोसच वापरलं, गाइड त्या बाबतीत कडक होते 🙏 पण रिकव्हरी रात्री उशिरापर्यंत मोजायला शेतकरी थांबू देत नव्हते, लाइट आली की मोटर चालू.

मग असं म्हणायचं का की बसाल्ट आणि कार्स्ट हे एकाच रांगेतले आहेत, फक्त टोकं वेगळी? आणि बसाल्टमध्ये ट्रेसर कोणी वापरत नाही का?

सड्यावरचा

मध्येच घुसतोय. मी रत्नागिरीकडचा, आमचं घर सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या पठाराच्या, खाली वाडीत. पाऊस ३००० मिमीच्या वर आणि मार्च संपला की विहिरीचा तळ दिसतो, टँकर येतो, हे सगळ्यांना माहितीये. पण वरचं वाचून डोक्यात आलं की आमचा जांभा पण तसाच भोकाभोकांचा आहे. चिरेखाणीत बघितलं तर हात आत जाईल अशा नळ्या असतात. जूनमध्ये दोन दिवस जोरात पाऊस झाला की विहीर लगेच वर येते आणि पाणी गढूळ येतं, आणि पावसाने चार दिवस उघडीप दिली की पऱ्याचं (ओढ्याचं) पाणी पण उतरतं आणि विहीर पण. तर हे कार्स्ट आहे का? आणि मुख्य भीती ही की वरच्या अंगाला आता नवीन घरं होतायत, त्यांचे शोषखड्डे सड्यातच. ते आमच्या विहिरीत येत असेल तर कळणार कसं? तो हिरवा रंग मी टाकून बघू का? कुठे मिळतो?

श्वार्झवाल्डकर

सड्यावरचा भाऊ, पहिल्यांदा, रंग टाकू नका. फ्लुरेसिन, म्हणजे युरेनिन, थोड्या प्रमाणात घातक मानत नाहीत पण प्यायच्या विहिरीत न सांगता टाकलं आणि सकाळी वाडीत हिरवं पाणी आलं तर तुम्हाला कोणी सोडणार नाही, आणि बरोबरच आहे ते. इकडेही परवानगी लागते, झऱ्यावर अवलंबून असलेल्या सगळ्यांना आधी कळवावं लागतं.

कार्स्ट का, तर काटेकोरपणे नाही, जांभा चुनखडीसारखा पाण्यात विरघळून या नळ्या झालेल्या नाहीत, त्यातली मऊ माती धुपून जाऊन पोकळ्या वाढतात, आणि खाली चिकणमातीचा थर असला की पाणी त्याच्यावरून घसरून सड्याच्या पायथ्याशी निघतं. पण वागायला बऱ्यापैकी सारखं. झटकन भरणं, झटकन रितं होणं आणि पावसानंतर गढूळ येणं, या तीन खुणा एकत्र दिसल्या की पाणी गाळलं न जाता येतंय असा संशय घ्यायचाच.

आणि हा संशय किती गंभीर ते सांगतो. कॅनडात ऑन्टॅरियोमधलं वॉकरटन, २००० सालचा मे महिना. जोराचा पाऊस झाला, शेतातलं शेणखताचं पाणी गावाच्या एका उथळ विहिरीत उतरलं, क्लोरिन पुरेसं नव्हतं, ७ माणसं गेली आणि दोन हजारांच्या वर आजारी. नंतर तिथे ट्रेसर टेस्ट केल्या तेव्हा कळलं की तिथल्या डोलोमाइटमध्ये (चुनखडीचाच भाऊबंद खडक) पाणी आधीच्या मॉडेलपेक्षा कितीतरी पट वेगाने धावतंय. जर्मनीत नियम असा की झऱ्याभोवती ५० दिवसांच्या प्रवासाचा पट्टा जपायचा, कारण तेवढ्या दिवसांत रोगजंतू बहुतेक मरतात. वाळूत हा पट्टा शेताएवढा होतो. कार्स्टमध्ये ५० दिवसांत पाणी अख्खा डोंगर पार करतं, मग पट्टा आखणार कुठे? म्हणून इथे कुठे भोकं आहेत, वर माती किती जाड आहे असे नकाशे काढून त्यावर बांधकामाचे नियम लावतात.

तुमच्यासाठी स्वस्तातला उपाय आहे. कपडे धुवायच्या पावडरीत कापड पांढरंशुभ्र दिसावं म्हणून चमक आणणारं रसायन असतं, ते सांडपाण्याबरोबर जातं आणि कापसाला चिकटतं. साधा कापूस, ज्यावर काही प्रक्रिया नाही असा, आधी अंधारात यूव्ही टॉर्चखाली धरून बघा, नोटा तपासायची टॉर्च चालते, तो चमकायला नको. मग जाळीत बांधून आठवडाभर विहिरीत पाण्याखाली सोडा, उन्हापासून लांब. काढून स्वच्छ पाण्याने धुवून परत टॉर्चखाली. निळसर चमकला तर वरून सांडपाणी येतंय असं जवळजवळ धरून चाला. नाही चमकला तर मात्र सुटलो असं समजू नका. सोबत जंतूंची तपासणी करून घ्याच, एकदा पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच आणि एकदा उन्हाळ्यात, कारण उन्हाळ्यातला नमुना चांगला आला म्हणून जुलैचं पाणी चांगलं असं होत नाही. आणि विहिरीवर धुणं धुणारं कोणी नाही ना ते बघा, नाहीतर सगळा प्रयोग वाया.

वणीकर

कापूस लागला तर आमच्याकडून न्या, यंदा भाव असाही नाही 😅

बाकी काळापाषाणच्या बाबांना सांगा की महाराष्ट्रात चुनखडी आहे. वणी, राजुरा, कोरपना ह्या पट्ट्यात पैनगंगा चुनखडी आहे, सिमेंटचे कारखाने उगाच आले नाहीत इकडे. बोअरवाले सांगतात की मध्येच रॉड एकदम खाली जातो म्हणजे पोकळी लागली, तिथे पाणी भरपूर, आणि पन्नास फुटांवर दुसरं बोअर कोरडं. पण मोठ्या गुहा म्हणाल तर त्या आंध्रात बेलमला किंवा बस्तरात कुटुमसरला. इकडे कोणी नीट अभ्यास करायला आलं तर बरं होईल, कारण खाणी खोल चालल्यात आणि त्यांच्या उपशाने आजूबाजूच्या विहिरींचं काय होणार हे गावात सगळे विचारतात.

जुनी_विहीर

वणीकरांचं खरं आहे, आणि बेटा, बाबांना द्यायचं उत्तर याच्यातच आहे. काश्मीरचे अच्छाबल, कोकरनाग हे झरे चुनखडीतले, मेघालयात तर जमिनीखाली किलोमीटरच्या किलोमीटर गुहा. देशात काम भरपूर आहे, माणसं कमी.

तुझ्या प्रश्नाचं, बसाल्टमध्ये ट्रेसर वापरतात, पण कमी. मुंबईचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि रुरकीची राष्ट्रीय जलविज्ञान संस्था पाण्यातला ऑक्सिजन-१८ आणि ड्यूटेरियम, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनचे जड आयसोटोप, मोजून पाणी कुठल्या उंचीवरच्या पावसाचं, पाझर तलावाचं की दुसरीकडचं, ते काढतात. रंग फारसा वापरत नाहीत कारण मुरमात तो चिकटून बसतो, पातळ होतो, आणि दोन विहिरींमध्ये तो पोचायची वाट बघण्यात प्रोजेक्टची मुदत संपते. एकाच रांगेतले आहेत का म्हणशील तर मी तसं म्हणणार नाही, बसाल्टची भेग विरघळून स्वतःला रुंद करत नाही, ती जेवढी आहे तेवढी, आणि हा फरक फार मोठा आहे.

पण एक पद्धत तू तिकडून नक्की आण. झऱ्याला बघत राहणं. आपली निरीक्षण विहिरींची पद्धत म्हणजे वर्षातून चार वेळा पातळी, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. दुष्काळ ओळखायला आणि तालुक्याचा ताळेबंद मांडायला ती ठीक आहे. पण पाणी खडकातून कसं जातं हे चार आकड्यांत दिसत नाही, ते पाऊस पडल्यानंतरच्या चार दिवसांत दिसतं.

श्वार्झवाल्डकर

+१. फील्डवर्कला गेल्यावर हेच करायला लावतील तुला. झऱ्यावर लॉगर, म्हणजे आपोआप नोंद घेणारं यंत्र, दर पंधरा मिनिटांना प्रवाह, तापमान आणि ईसी, म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता, क्षार जास्त तर ती जास्त. पाऊस झाला की प्रवाह लगेच वाढतो पण ईसी तशीच राहते, कारण आधी बाहेर ढकललं जातं ते आत बसलेलं जुनं पाणी, दाब पुढे पळतो आणि पाणी मागून येतं. मग काही तासांनी किंवा दिवसांनी ईसी धपकन खाली येते, ते खरं नवीन पावसाचं पाणी. या दोन वेळांमधलं अंतर बघून नळीत किती पाणी भरलेलं होतं त्याचा अंदाज काढतात. पाऊस थांबल्यावर प्रवाह कसा उतरतो, त्याला माये (Maillet) या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०५ मध्ये दिलेलं साधं घातांकी सूत्र अजून वापरतात. लॉग स्केलवर काढली तर कार्स्टमध्ये ती रेघ एक सरळ येत नाही, आधी कडा कोसळल्यासारखी आणि मग लांब शेपूट, शेपूट म्हणजे त्या गल्ल्यांतलं पाणी.

ट्रेसरबद्दल दोन गोष्टी आत्ताच कानात घालतो. जो माणूस रंग ओततो त्याने झऱ्यावरच्या कोळशाच्या पुड्यांना (रंग पकडायला पाण्यात सोडतात त्या) हात लावायचा नाही, त्या दिवशी त्याने त्या गाडीतसुद्धा बसायचं नाही, एवढासा रंग हाताला लागला तरी सगळे नमुने पॉझिटिव्ह येतात. आणि रंग ओतायच्या आधी झऱ्याचे कोरे नमुने घ्यायचेच, कारण युरेनिन गाडीच्या कूलंटमध्येही असतं, रस्त्याकडेच्या झऱ्यात ते आधीच सापडू शकतं. युरेनिन उन्हात मरतं म्हणून नमुना गडद बाटलीत. आणि एखाद्या झऱ्यात रंग दिसला नाही तर तिकडे वाट नाही असं लिहू नकोस, रंग कमी पडला असेल किंवा तू लवकर घरी गेला असशील.

सड्यावरचा

खूप धन्यवाद दादा, कापूस आणि टॉर्चचं या आठवड्यात करतो. धुणं विहिरीवर दोन घरं धुतात, त्यांना आधी सांगतो. वाडीच्या बैठकीत शोषखड्ड्यांचा विषय पण काढतो, बघू.

काळापाषाण

सगळ्यांचे मनापासून आभार, बाबांना वणीकरांची पोस्ट वाचून दाखवली, म्हणाले "मग वणीला जायचं होतं की, जर्मनीला कशाला" 😂

जायला अजून अडीच महिने आहेत, पाऊस मध्येच सुरू होतोय. पुरंदर किल्ल्याच्या पायथ्याला तांबड्या बोलावरून निघणारा एक झरा माझ्या डेझर्टेशनच्या भागात आहे, त्यावर जाण्याआधी काही मोजून ठेवू का? लॉगर परवडणार नाही.

जुनी_विहीर

ठेव, नक्की ठेव. लॉगर नको, पेनासारखा ईसी मीटर घे, फक्त तो २५ अंशांना दुरुस्त केलेला आकडा देतो ना ते बघून घे आणि महिन्यातून एकदा तरी ठरलेल्या द्रावणात तपासून घे. प्रवाह बादली आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर, तीनदा भरायची आणि सरासरी घ्यायची. पावसात बादली पुरणार नाही तेव्हा पत्र्याची व्ही आकाराची खाच करून बसव, गावातला वेल्डर करून देईल, वरच्या बाजूला पाणी थोडं तुंबलं पाहिजे आणि खाचेतून खाली मोकळं पडलं पाहिजे. पहिल्या मोठ्या पावसाच्या दिवशी दर तासाला आकडा घे, त्यानंतर दिवसातून दोनदा पुरे. पावसाचा आकडा तालुक्याच्या केंद्रावरचा घेऊ नकोस, त्या डोंगरात दोन किलोमीटरवर पाऊस बदलतो, झऱ्याच्या वरच्या अंगाला स्वतःचा पर्जन्यमापक ठेव. आणि तू गेल्यावर आकडे कोण घेणार ते आत्ताच ठरव, गावातल्या शाळेतल्या सरांना विचारून बघ.